सोळा आणि अठराच्या मध्ये

१

घरात चोरी झाली की काय गेलं ते आधी कळतं, कुठून गेलं ते नंतर. आमचं उलटं झालं. चोरीच्या जागेवर मी दिवसाउजेडी उभी होते, कडेवर रितू होती, आणि समोर एकमेकींना चिकटलेल्या दोन भिंती सोडून काहीच नव्हतं.

डावीकडच्या क्रीम रंगाच्या घरावर पाटी होती, प्लॉट नंबर १६. उजवीकडच्या हिरव्या कंपाउंडवर १८. मध्ये बोट शिरेल एवढीही फट नव्हती.

"मॅडम, सतरा कुठं आहे?" कर्जासाठी बँकेने पाठवलेल्या माणसाने विचारलं. त्याने हातातला टेप उघडलासुद्धा नव्हता.

"हे काय होऊन राहिलं गा, संघपाल?" दादाजी म्हणाले.

दादाजी म्हणजे माझे सासरे. कोराडीच्या वीज केंद्रात त्यांची हयात गेली. कुहीच्या रस्त्यावरचा हा ले-आउट पडला तेव्हा इथे नुसती तूर होती. कॉलनीतले बाकीचे लोक मोटारसायकली घेत होते. दादाजी सायकलवर राहिले आणि हप्त्याहप्त्याने त्यांनी सोसायटीचा हा प्लॉट फेडला. पुढे दोन मुलांच्या शिक्षणात पैसा गेला, त्यामुळे भिंत काही झाली नाही. चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि जमीन आपली आहे या भरवशावर ते राहिले. पाच वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर इकडे कोणी फिरकलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात मी आणि संघपालने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ठरवलं होतं की मानकापूरचं भाड्याचं घर सोडायचं आणि या प्लॉटवर बांधायचं. आम्ही बुक केलेला तयार फ्लॅट मीच रद्द करायला लावला. फ्लॅट जुना होतो, जमीन जुनी होत नाही, हे त्याला रात्रंदिवस ऐकवत होते. आता ती जमीनच दिसत नव्हती.

बँकेचा माणूस निघून गेला. दादाजी रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर टेकले. मग संघपालकडे न बघता म्हणाले, "ऑपरेशनच्या वक्ती सह्याचे अधिकार मी प्रसेनजितले देले होते."

२

प्रसेनजित म्हणजे माझे मोठे दीर. बुटीबोरीला लोखंडी कामाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचा फ्लॅट घेतला, गाडी घेतली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले होते. आता त्याच पेढ्यांचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात सुरू झाला.

त्यांना बोलावलं. ते आले, पाणी प्यायले, आणि दादाजींनी सरळच विचारलं, "तू प्लॉटचं काही केलं का?"

"काही म्हणजे?"

"इकला का?"

भाऊजींनी ग्लास खाली ठेवला. "कागदावर नाव कोणाचं आहे ते पाहा ना."

"पाहिलं," संघपाल म्हणाला. "नाव दादाजींचंच आहे. पण इसार करून ताबा देऊन टाकतात लोक. रजिस्ट्री मागून होते."

"लोक करतात. मी केलं का, हे विचारून राहिला तू?"

संघपालने "नाही" म्हणायला हवं होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो फरशीकडे.

"काहून बोलत नाहीस बे?" भाऊजी उठले. "माझा फ्लॅट वीस वर्षांच्या कर्जावर आहे. कागद पाठवू का? आई, तुलेही असंच वाटते?"

माझ्या सासूबाई, तुळसाबाई, दारात उभ्या होत्या. "मले काही नाही वाटत, बापा. मले वाटते भिंत बांधाले पायजे होती. यायले तवाच म्हटलं होतं."

"भिंत बांधली असती तं पोराईची फी तू भरली असती का वं?" दादाजी उसळले.

या भांडणाच्या मधूनच भाऊजी निघून गेले. जाताना रितूच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

रितू तीन वर्षांची आहे. तिच्या बाबतीत मला सगळ्याचीच धास्ती वाटते, उघड्या खिडकीची, गरम डाळीची, रस्त्यावरच्या गाडीची. पण त्या संध्याकाळी वाटलेली धास्ती वेगळी होती. प्लॉट गेला तर आपण कमावून दुसरा घेऊ, उशिरा का होईना. तिचा मोठा बाबा, म्हणजे काका, गेला तर तो कुठून आणणार? खरं काय ते कळेपर्यंत या घरात दोन भाऊ एका ताटात जेवणार नव्हते. आणि खरं शोधायला कोणी बाहेर पडताना दिसत नव्हतं, कारण जे निघेल त्याची प्रत्येकाला भीती होती.

मी रविवारी रितूला कडेवर घेतलं आणि संघपालला म्हटलं, "टेप घे. चल."

३

सोळा नंबरचे कृष्णकांत सर शाळेतून निवृत्त झालेले. आम्हाला बघून त्यांनी खुर्च्या मांडल्या, पंखा लावला, आणि आम्ही विचारायच्या आतच म्हणाले, "माझे तीस फूट आहेत. तिसावर एक इंच नाही. मोजून घ्या."

संघपालने मोजले. बरोबर तीस.

"मोजलं कुठून होतं, सर?" मी विचारलं.

"पंधरा नंबरच्या भिंतीपासून. त्यानं चौदाच्या भिंतीपासून. इकडे सगळ्याईनं असंच केलं. जुने खुंट नांगरात गेले होते, मग दुसरं काय मोजणार?"

"आणि भिंत बांधताना पलीकडे अठराची भिंत लागली, तेव्हा सतरा कुठे गेला असं नाही वाटलं?"

सर पंख्याकडे बघायला लागले. तो नीटच फिरत होता.

"वाटलं," ते म्हणाले. "पण माझे तीस फूट पुरे झाले होते ना. म्हटलं, अठरावाल्यानं घेतला असंल इकत. आपल्याले काय करायचं? विचारायला पाहिजे होतं, हे आता तुम्ही समोर बसल्यावर वाटून राहिलं." मग म्हणाले, "खरं सांगू का? तिथं चार दगड आधीच पुरलेले होते. माझ्या मापात फिट बसले. मले वाटलं, सोसायटीनं माझ्याचसाठी लावले."

संघपालने माझ्याकडे पाहिलं. ते दगड दादाजींनी पुरले होते.

म्हणजे आमचा प्लॉट कुठेही गेलेला नव्हता. आम्ही त्यात बसून चहा पीत होतो.

४

पण मग सरांचा स्वतःचा प्लॉट कुठे? त्यांच्याकडेही खरी रजिस्ट्री होती. हप्ते त्यांनीही भरले होते.

अठरा नंबरच्या शामलाबाई एकट्या राहतात. त्या फाटकातूनच बोलल्या. "आमचे हे रेल्वेत होते बाई, मापाच्या बाबतीत लई काटेकोर. ते कोणाच्या भिंतीवर विश्वास ठेवणारे नव्हते. पुलापाशी सरकारी दगड आहे, तिथून त्यायनं मोजलं. वीस, एकोणवीस, अठरा. तिघांनी मिळून."

तो दगड आम्हाला सापडला. गवतात होता, पण जागचा हललेला नव्हता. तिथून उलट्या दिशेने आम्ही टेप टाकत गेलो. आमच्या ओळीत अकरा ते वीस असे दहा प्लॉट, प्रत्येक तीस फुटांचा. प्रत्येक घर मोजलं. कोणीही वीतभरसुद्धा पुढे सरकलेलं नव्हतं. आणि ओळ संपली ती अकरा नंबरच्या भिंतीशी, नऊ प्लॉट भरले तेव्हा.

अकरा नंबरचे भैयाजी ओट्यावरच होते. महालात त्यांचं नळ-पाइपचं दुकान आहे. या ओळीत सगळ्यात आधी घर बांधलं ते त्यांनी. फाटकावर लिंबू-मिरची, चौकटीवर पितळी पिरॅमिड, ओट्याच्या कोपऱ्यात आरसा.

"बसा, बसा. मी ऐकलं तुमचं," ते म्हणाले. "सरळ गोष्ट आहे. सोसायटीवाल्यानं नऊच्या जागेत दहा इकले. तो माणूस आता वरती गेला. कोनाले पकडता? सोडून द्या. तुम्ही तरुण लोक आहात, फ्लॅट घ्या एखादा मस्त."

बोलणं पटण्यासारखं होतं. संघपालने मान खाली घातली. मलाही क्षणभर वाटलं, बरं झालं. मेलेल्या माणसाने फसवलं असेल तर घरातल्या कोणावर बोट दाखवायला नको.

निघताना कृष्णकांत सर फाटकापाशी भेटले. भैयाजींकडे हात करून म्हणाले, "बाकी माणूस दिलदार आहे. नळाच्या वायसरचे पैसे सोडणार नाही, पण बाजूच्या गल्लीत दर दिवाळीले मुरूम टाकते, सोताच्या खर्चानं. नगरपंचायतीले विचारतसुद्धा नाही."

वायसरचे पैसे न सोडणारा माणूस रस्त्यावर मुरूम का टाकत असेल, हे मला गाडीकडे निघाले तरी समजेना.

५

समजलं ते रितूमुळे. तिला रस्ता ओलांडून गाडीपाशी न्यायचं होतं आणि मी नेहमीसारखी गाड्या बघत उभी राहिले. मी फार वेळ उभी राहते, संघपाल त्यावरून चिडवतो. "अवं, एवढ्या वेळात तं पोरगी दहावी होऊन जाईल."

हायवेकडून येणारा रस्ता सरळ भैयाजींच्या घराशेजारच्या त्या गल्लीच्या तोंडाशी येतो. तिथे आमच्या ओळीचा रस्ता उजवीकडे फुटतो. मी बघत होते. एक दूधवाला आला, उजवीकडे वळला. रेतीचा टिप्पर आला, करकचून उजवीकडे वळला. शाळेची व्हॅन, दोन स्कूटर. सगळे वळले. सरळ कोणीच गेलं नाही.

मी रितूला उचललं आणि गल्लीत शिरले. भैयाजींच्या बाजूच्या भिंतीची लांबी संपली आणि गल्लीही संपली. पुढे तुरीच्या शेताची काटेरी तार. ना घर, ना पायवाट. बाहेर येऊन वर पाहिलं. विजेचे खांब वळणावर वळले होते, एकही गल्लीत शिरला नव्हता. नालीही वळली होती. डांबरही वळलं होतं. गल्लीत होता तो फक्त मुरूम.

"संघपाल," मी म्हटलं, "शामलाबाईंचे लोक सरकारी दगडापासून मोजत आले. ते बरोबर आहेत. दुसऱ्या टोकाचे लोक शेजाऱ्याच्या भिंतीपासून मोजत गेले. म्हणजे पहिली भिंत चुकली की सगळ्या चुकल्या. दोन्हीकडचे लोक जिथे भेटले तिथे सतरा चिरडला गेला."

"पण तिकडे मोजायला जागाच कुठं आहे? रस्ता आहे."

"या रस्त्याने कुठे जातात, सांग ना."

त्याने गल्लीकडे पाहिलं. मग टेप काढला आणि गल्लीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला. तिकडूनच त्याने माझ्याकडे पाहिलं. आकडा विचारायची गरज पडली नाही.

आम्ही परत फिरलो. भैयाजी अजून ओट्यावरच होते. आम्हाला टेप घेऊन गल्लीत गेलेलं त्यांनी पाहिलं असणार. मी पहिल्या पायरीवरच थांबले.

"भैयाजी, ही गल्ली कुठे जाते?"

६

त्यांनी आधी घरात डोकावून बघितलं, मग दार ओढून घेतलं.

"मी कोनाचं इंचभर घेतलं नाही," ते म्हणाले. "उलट माझा प्लॉट मोकळा सोडला. ती गल्ली म्हणजेच माझा अकरा नंबर. आन् मी बसलो बारावर."

"का पण?"

"पाहून राहिल्या ना तुम्ही? रस्ता सीधा अंगावर येते. असा प्लॉट घर खाते म्हणतात. प्लॉट घेतला तेव्हा मले माहीतच नव्हतं. मग आमचं पहिलं पोरगं गेलं. चार महिन्यांचं होतं. बायको म्हणे, मी त्या जागी नाही राहणार. इकाले गेलो तं कोनी घेईना. तेव्हा आजूबाजूले कुत्रंही नव्हतं. मी एक घर सरकून बांधलं. म्हटलं, बाकीचे सरकतील, शेवटच्याचं सोसायटी पाहून घेईल. सोसायटीच बुडाली."

"आणि मुरूम?"

"रस्ता वाटाले पायजे ना, बाई. आन् आता तुम्हाले फ्लॅट घ्या म्हणून राहिलो होतो, तेही त्याच भीतीनं."

मला खूप राग आला होता, तो बाहेर काढायची तयारीही झाली होती. पण चार महिन्यांचं मूल मध्ये आलं. माझ्या कडेवर तीन वर्षांची मुलगी झोपली होती. तिच्यासाठी मी काय काय सरकवलं असतं, ते मला सांगता आलं नसतं. एवढंच म्हणाले, "तुमच्या भीतीमुळे माझ्या दिराला आम्ही चोर ठरवलं, भैयाजी."

सरकारी मोजणी झाली आणि तिने तेच सांगितलं. सहा घरं एकेक नंबर सरकलेली. कोर्टात गेलो असतो तर प्रत्येकाला आपलं घर सोडून शेजाऱ्याचं घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा अदलाबदलीचे दस्त करायचे, ज्याचं घर जिथे आहे तो नंबर त्याचा, असं सगळ्यांनी मानलं. खर्च भैयाजींचा. आमच्यासाठी त्यांनी दोन वाटा ठेवल्या. हवे तर आजच्या भावाने पैसे घ्या, नाहीतर ती मोकळी जागा घ्या. रस्ता अंगावर येणारी.

प्रसेनजित भाऊजींना बोलवायला संघपाल निघाला, तर दादाजींनी त्याला अडवलं. स्वतः बसने बुटीबोरीला गेले. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी भाऊजी आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले, पाव्हण्यासारखे.

"पैसे घ्या," ते म्हणाले. "अर्धे माझे, अर्धे याचे. मले त्या प्लॉटचं नाव नको आता."

संघपाल म्हणाला, "दादा, माझं चुकलं."

"हाव. चुकलंच." भाऊजी त्याच्याकडे बघत नव्हते.

"रस्ता अंगावर येणारा, वेधाचा प्लॉट म्हणून नको म्हणून राहिला का?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, काहीही बोलतेस. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली ती काय पिरॅमिड लटकवायले?"

दादाजी माझ्याकडे वळले. "भावना, राहायचं तुले आहे, पोरीले घेऊन. तू सांग."

मी आठवडाभर त्यावरच विचार करत होते. पैसे घेतले तर दोन वाट्यांत वाटले जातील, कर्जात आणि भाड्यात विरघळून जातील. रितू मोठी होईल तेव्हा दादाजींनी काय कमावलं होतं हे दाखवायला बोट ठेवायला जागा राहणार नाही. जागा घेतली तर ती हायवेवरून उतरल्यावर पहिली दिसते. खाली दुकान निघालं तर दोन्ही भावांना भाडं मिळेल, वर आम्ही राहू. सगळं मी मनात मांडलं होतं. फक्त एक गोष्ट मी कोणाजवळ बोलले नव्हते. वेध बिध मी मानत नाही, पण करकचून वळणारा तो रेतीचा टिप्पर माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. एखाद दिवशी तो वळलाच नाही तर?

"मला वाटतं, जागा घ्यावी," मी म्हटलं. "खालचं दुकान भाऊजींचं आणि आमचं मिळून. पण..."

हसतील असं वाटलं.

भाऊजी खुर्ची ओढून पुढे आले. "दुकान? टी-पॉइंटवर?" त्यांनी टीपॉयवर बोटाने रेघ ओढली. "चालेल तं खरं. हायवेवरून नजर सीधी तिथंच पडते." मग दुसरी रेघ ओढली. "पण हे असं तोंडावर नाही बांधायचं. पंधरा फूट मागं सरकायचं. आन् समोर सहा इंची पाइप गाडायचे, काँक्रीट भरून, चार फूट जमिनीत. टिप्परचा ब्रेक फेल झाला तरी तिथंच थांबला पायजे. पोरगी अंगणात खेळन ना तुमची."

मी मान हलवली. डोळे भरून आले म्हणून रितूचा फ्रॉक सरळ करत बसले.

"पाइप मी आणतो कारखान्यातून," भाऊजी संघपालला म्हणाले. आता ते त्याच्याकडे बघत होते. "पण पैसे लागतील. भाऊ आहे म्हणून सूट नाही भेटणार."

"सूट कोण मांगून राहिलं गा?" दादाजी आत जाता जाता ओरडले. "आधी जेवा दोघं."